डाव्या चाकाचा आवाज

कोल्हारला प्रवरेच्या पुलाअलीकडे, मनमाड रस्त्याला लागून, एका जुन्या लिंबाखाली रंगनाथ मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज आपलं म्हणायचं म्हणून. चार पत्रे, गाडीखाली शिरायला खणलेला एक खड्डा, भिंतीला खिळे ठोकून टांगलेले पाने आणि ग्रीसनं काळी पडलेली जमीन. पण नगरपासून कोपरगावपर्यंत गाडी हाकणाऱ्या प्रत्येक माणसाला हे गॅरेज माहीत होतं, कारण तिथं रंगनाथचा कान होता.

हा कान म्हणजे एक प्रकरणच होतं. रंगनाथ समोरच्या छगनच्या हॉटेलात रस्त्याकडे पाठ करून चहा पीत बसलेला असायचा. मागून एखादा ट्रक जायचा. मान न वळवता रंगनाथ म्हणायचा, "ह्याचा पट्टा काय नगर गाठत न्हाई." आणि संध्याकाळी बातमी यायची, की राहुरीजवळ पट्टा तुटून ट्रक उभा आहे. गाडी दाखवायला आणली, की तो आधी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, लाकडी मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. भोवतालची माणसं खोकलासुद्धा दाबून धरायची. मग डोळे उघडून तो निकाल द्यायचा, आणि त्या निकालावर अपील नसायचं. मिस्त्रीचा कान चुकत नाही, असं लोक म्हणायचे. वाईट एवढंच झालं, की ऐकून ऐकून रंगनाथलाही ते खरं वाटायला लागलं.

त्याच्या हाताखाली भिमाजी होता. हाताखाली म्हणणंही तसं चुकीचं, दोघं बरोबरीनंच राबायचे. भिमाजी पाथर्डीकडचा. दहा वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला होता. टोळीच्या एका टायरगाडीचं चाक नेमकं गॅरेजसमोर अडकलं. रंगनाथ ते दुरुस्त करत असताना हा उकिडवा बसून बघत राहिला, आणि गाडी निघाली तरी हा उठेना. पुढच्या हंगामात तो ऊस तोडायला गेलाच नाही. बायकोला, लंकाबाईला घेऊन आला आणि कोल्हारलाच राहिला. त्याचं कसब बोटांत होतं. जॅकवर उचललेलं चाक हळूच फिरवायचं, तीन बोटं त्यावर टेकवायची आणि सांगायचं, आतलं बेरिंग गेलंय का बाहेरचं. केसभर ढिलाई असली तरी त्याच्या बोटांना ती कळायची. इंजिन रंगनाथचं आणि चाकं भिमाजीची, अशी वाटणी न बोलता झाली होती. नाव मात्र एकट्या मिस्त्रीचं व्हायचं. भिमाजीला त्याचं काही वाटत नसे, आणि आपल्याला त्याचं काही वाटायला हवं, हे रंगनाथच्या कधी ध्यानातच आलं नाही.

तर ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या दसऱ्यापासून सुरू होते.

गावात गोरक्षनाथ नावाचा टॅक्सीवाला होता. सगळे त्याला गोरख म्हणत. त्याची काळी अँबॅसॅडर शिर्डीच्या भाविकांना नगरच्या स्टेशनावरून आणायची आणि पोचवायची. गाडीवर त्याचा पोटच्या पोरासारखा जीव. चारही चाकांवर चकचकीत वाट्यांसारखे कप होते, त्यांत तोंड बघून भांग पाडावा असे. एकदा स्टँडवर त्यातला एक कप कुणी तरी लांबवला होता, तेव्हापासून गोरखनं एक नेम केला. गाडी कुठंही सोडून जायची तर आधी चारही कप उचकटायचे, गोणपाटात गुंडाळायचे आणि डिकीत ठेवून कुलूप लावायचं. रंगनाथच्या गॅरेजलासुद्धा हाच नेम. मिस्त्रीवर त्याचा भरवसा होता, रस्त्यावर नव्हता.

त्या नवरात्रात गोरखनं पुढच्या दोन्ही चाकांना नवी बेरिंगं टाकायला गाडी दिली. डाव्या चाकाचा कप चिरला होता, म्हणून तेवढा काढून रंगनाथच्या हातात दिला. भिमाजीनं बेरिंगं बसवली. रंगनाथनं कपाला आतून पत्र्याचं ठिगळ लावून रिबिटं मारली. काम संपलं तो दिवस खंडेनवमीचा. हत्यारांची पूजा करायची. सगळे पाने धुऊन पुसून गोणपाटावर मांडले. मालनबाई, रंगनाथची बायको, घरून पूजेचं सामान घेऊन आली, पण ताट आणायचं विसरली.

"थांबा, पळत जाऊन आनते," ती म्हणाली.

"कशाला? ह्ये काय ताटच हाय," असं म्हणून रंगनाथनं गोरखचा तो डाव्या चाकाचा कप उलटा करून समोर ठेवला. नवं ठिगळ लावलेला, घासून लख्ख केलेला कप. त्यात तांदूळ पसरले, वर गणपती म्हणून सुपारी मांडली, हळकुंड ठेवलं, गुळाचा खडा ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

भिमाजी म्हणाला, "मिस्त्री, परक्याच्या गाडीचा कप हाय."

"देवाला काय त्याचं?" रंगनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दसरा. गोरखला सकाळीच गाडी हवी होती, गाडीलाही झेंडूचा हार घालायचा होता. रंगनाथनं कपातलं सामान घाईघाईनं ओतून काढलं, फडक्यानं कप पुसला आणि चाकावर ठोकून बसवून टाकला. भिमाजी मागं सामान आवरत होता. तांदूळ वेचले, हळकुंड सापडलं. सुपारी काही सापडेना. गोणपाट झटकलं, खड्ड्यात उतरून पाहिलं.

"मिस्त्री, गनपतीची सुपारी कुटं गेली?"

"उंदरानं न्हेली आसंल. दुसरी आन."

"तसं न्हाई वो. देव हरवला म्हंजी..." भिमाजी एवढंच म्हणाला. सोनं वाटायला माणसं आली होती, त्या गडबडीत ते राहून गेलं.

आठवड्यानं गोरख आला. "मिस्त्री, डावं फुडलं चाक वाजतंय. टक्, टक् करतंय."

रंगनाथ शेजारच्या सीटवर बसला. गोरखनं नेमाप्रमाणे कप काढून डिकीत टाकले होते, कारण गाडी ठेवून तो गावात जाणार होता. दोघं पुलापर्यंत गेले आणि आले. चाक गुपचूप. "ग्रीस बसलं न्हवतं, आता बसलं," रंगनाथ म्हणाला. गोरखनं जाताना कप बसवले, आणि दुसऱ्या दिवशी राहात्याला पोचेपर्यंत चाक पुन्हा वाजायला लागलं.

तो परत आला. यावेळी रंगनाथनं भिमाजीला न सांगता स्वतःच चाक उघडलं आणि बेरिंगचा नट चांगला दाबून आवळला. पुन्हा पुलापर्यंत जाऊन आले. आवाज नाही. पुन्हा गोरखनं कप बसवले, आणि पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला गोरखचं तोंड जरा वेगळं होतं. बरोबर दोन ट्रक ड्रायव्हर होते. छगनच्या हॉटेलातली माणसंही उठून लिंबाखाली आली. मिस्त्रीच्या कानाला सापडत नाही असा आवाज म्हणजे तमाशाच की तो. रंगनाथनं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. चाक हातानं फिरवून घेतलं. जॅक लावला, पुन्हा फिरवलं. काही ऐकू येईना. त्याच्या कपाळावर घाम आला. कान चुकला असता तर गोष्ट वेगळी होती. इथं कानाला ऐकूच येत नव्हतं, आणि बारा माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

भिमाजी गोरखला हळू विचारत होता, "जोरात न्हेली का वाजती का हळू चालल्यावर?"

"हळू. जोर धरला का गप."

भिमाजी पुढं आला. "मिस्त्री, बेरिंग आसतं तर जोरात जास्त वाजलं आस्तं. ह्ये बेरिंग न्हाई. आपन जवा जवा बघतो तवा कप काडलेले आसत्यात. एकदा कप बसवून हिंडवू."

आता बघा, या चार वाक्यांत सगळं उत्तर होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी, दोघंच असते तर, रंगनाथनं ते ऐकलंही असतं. पण बारा माणसं उभी होती.

"कप काय वाजतो व्हय? पोरखेळ हाय का?" तो ओरडला आणि नट सोडून त्यानं बेरिंग बाहेर काढलं. बेरिंगच्या गोट्या निळ्याकाळ्या पडल्या होत्या. पंधरा दिवसांपूर्वी बसवलेलं बेरिंग असं जुनाट दिसत होतं.

"ह्ये तापलंय," भिमाजी म्हणाला. "नट लई आवळलाय. मी येवढा आवळला न्हवता."

आवळला होता रंगनाथनं. त्या क्षणी त्याला ते आठवलंही. पण आठवल्यामुळंच तो जास्त भडकला. बेरिंग सगळ्यांना दिसेल असं वर धरून तो म्हणाला, "ह्ये नवं बेरिंग हाय? सांग की सगळ्यांच्या म्होरं! नवं कुटं घातलंस? कुनाच्या गाडीला लावलंस?"

छगनच्या हातातली कपबशी तशीच राहिली. भिमाजीनं एकदा रंगनाथकडं पाहिलं. मग तो रॉकेलच्या डब्याशी गेला, हात धुतले, चिंधीनं एक एक बोट पुसलं. त्याच्या हातातले तीन पाने त्यानं भिंतीवर आपापल्या खिळ्याला लावले. पायात वहाणा घातल्या आणि पुलाच्या बाजूनं चालू लागला. दोन दिवसांनी लंकाबाईसकट त्याचं बिऱ्हाड हललं.

रंगनाथनं गोरखच्या चाकाला आपल्या हातानं दुसरं नवं बेरिंग टाकलं. ते दोन ट्रक ड्रायव्हर आपापल्या वाटेनं गेले, एक नगरला, एक मनमाडला, आणि जाताना बातमी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी गोरखची गाडी गॅरेजसमोरून गेली. पुलाच्या चढाला तिचा वेग कमी झाला. टक्, टक्, टक्. रंगनाथ हॉटेलात रस्त्याकडे पाठ करून बसला होता आणि त्या कानाला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

खरं तर माणसाची परीक्षा तिथंच झाली. नवं बेरिंग टाकूनही चाक वाजतंय, म्हणजे बेरिंगचा दोष नव्हता. दोष नव्हता, म्हणजे बदलाबदलीही नव्हती. हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही. रंगनाथनं त्याच घटकेला उठून पाथर्डीची एसटी धरली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण चारचौघांत काढलेला शब्द चारचौघांत परत घ्यायचा म्हणजे नाक खाली करावं लागतं, आणि रंगनाथचं नाक कानापेक्षा काही लहान नव्हतं. गोरखला त्यानं सांगितलं, "जुनी गाडी हाय, वाजायचीच." मालनबाईनं एकदा भाकरी वाढता वाढता म्हटलं, "आवं, भिमाजी तसा मानूस न्हवता." तो ताटावरून उठून गेला. पुढचे तीन महिने ती गाडी रोज दोनदा गॅरेजसमोरून टकटकत जायची, आणि रोज दोनदा रंगनाथ हातातलं काम मोठ्यानं ठोकायला लागायचा.

माघात एके दुपारी गोरख हसतच आला. हातात डाव्या चाकाचा कप, चेपलेला. "मिस्त्री, आजार गेला! राहुरीच्या अलीकडं खड्ड्यात गाडी आदळली, ह्यो कप उडाला आन् पार बाभळीत जाऊन पडला. तवापासून गाडी आक्षी गप. येवडा सरळ करून द्या."

रंगनाथनं कप हातात घेतला. फिरवला. आत काही तरी सरकलं. टक्.

त्यानं छिन्नी घेतली आणि आपणच मारलेली रिबिटं एक एक उडवली. ठिगळाची एक कड त्यानं तेव्हा रिबिटाविना सोडली होती. ठिगळ उचललं तशी आतून सुपारी घरंगळली आणि त्याच्या पायाशी पडली. लहानशी सुपारी. एका बाजूला वाळका गूळ, खाचेत हळद, वर अजून कुंकवाचा डाग. पूजेत त्या मोकळ्या कडेखाली ती सरकली होती, आणि कप ठोकून बसवताना तिच्यामागं फट दाबली गेली होती. गूळ ओला होता तोवर ती चिकटून राहिली. गूळ वाळला तशी सुटली. गाडी हळू असली की पत्र्याच्या खिशात वाजायची, जोरात असली की कडेला दाबून बसायची.

गोरख पोट धरधरून हसला. "आरं देवा! गनपती हिंडवला की मी तीन म्हैने! मिस्त्री, शिर्डीला न् नगरला फुकाट!" हसता हसता त्याचं लक्ष रंगनाथकडं गेलं आणि त्याचं हसू ओसरलं. रंगनाथ जमिनीवर बसला होता. त्याला 'देव हरवला म्हंजी' असं म्हणणारा भिमाजी दिसत होता, खड्ड्यात उतरून हातानं माती चाचपणारा.

दुसऱ्या दिवशी तो पाथर्डीला गेला. तिथून तीन कोस पायी. वस्तीवर म्हातारीकोतारी तेवढी होती, बाकीच्या घरांच्या दारांना काटे लावलेले. भिमाजी कुठं आहे? ऊस तोडायला गेला. कुठल्या कारखान्यावर? एक म्हातारा म्हणाला, "मुकादम न्हेईल तकडं." रंगनाथ आला तसा परतला.

टोळ्या परतल्यावर, वैशाखात, तो पुन्हा गेला. तोवर पाण्याचे हाल सुरू झाले होते. वस्तीपासून जवळच रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं आणि सगळी वस्ती तिथं खडी फोडायला बसली होती. डोक्याला पटका गुंडाळून भिमाजी दगडाच्या ढिगाशी बसलेला. शेजारी लंकाबाई. रंगनाथला पाहून तिनं पदर पुढं ओढला आणि हातोडी चालूच ठेवली.

रंगनाथनं वाटभर शब्द जुळवले होते. ते सोडून त्यानं पिशवीतून कप काढला, रुमालातली सुपारी काढली आणि दोन्ही समोर धरली.

भिमाजी सुपारीकडं बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "सापडला व्हय देव!" तो म्हणाला. "कपात हुता?"

"ठिगळाखाली."

"मी म्हनलो हुतो, कप बसवून हिंडवू." त्यात टोमणा नव्हता. एखादं गणित सुटल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलला, आणि त्यानंच रंगनाथला जास्त लागलं.

"भिमाजी, माजं चुकलं. नट मी आवळला हुता. मला तवाच ठावं हुतं." रंगनाथ म्हणाला. "चल माज्यासंगं. गॅरेज तुजं हाय."

लंकाबाईची हातोडी थांबली. "दादा, तुमी आमाला हुडकत हुता म्हनं," ती म्हणाली. "आमी तर तुमच्याच रस्त्यावर हुतो. कोल्हारच्या फुडं दोन कोसांवर आमची पाचटाची कोपी हुती. उसाची गाडी घिऊन रोज तुमच्या लिंबाखालनं जायचो. ह्ये पटका तोंडावर घ्यायचे. मी म्हनायची, वळखू द्या की, आपन काय चोरलंय? तर म्हनायचे, मिस्त्रीला बगून वंगाळ वाटंल."

रंगनाथच्या पाठीमागून हिवाळाभर त्या गाड्या गेल्या होत्या. चाकांचा आवाज तर त्यानं रोज ऐकला होता.

भिमाजी म्हणाला, "मी आदी नगरला गेल्तो. तीन गॅरेजांत इचारलं. तिन्हीकडं माज्या आदी तुमचा शब्द पोचला हुता. बेरिंग बदलनारा त्यो तूच का, म्हनले. मग श्रीरामपूर केलं. तितं बी त्येच. ऊस तोडायला कुनी इचारत न्हाई, तवा तकडं गेलो." हातातला दगड त्यानं बाजूला ठेवला. "तुमी माज्यावर वरडला त्येचं काय न्हाई, मिस्त्री. धा वर्सांत धा डाव वरडला. पर तुमी इचारलं न्हाई. भिमाजी, तू केलंस का, आसं येकदा इचाराया पायजे हुतं."

"आता काय करू, सांग."

"त्यो शब्द म्हागारी आना. मग बगू." मग त्यानं हात पुढं केला. "आन् ह्ये बी बगा." बोटांची टोकं दगडानं सोलून, पुन्हा भरून, घट्टे पडून जाड झाली होती. त्यानं सुपारी बोटांत धरून फिरवली. "ह्यावर खाच हाय का न्हाई, मला डोळ्यानं बगावं लागतं."

सुपारी त्यानं ठेवून घेतली, पटक्याच्या टोकाला बांधली. कप परत दिला. "ह्यो गोरखचा हाय," तो म्हणाला.

रंगनाथ शब्द परत आणायला निघाला. हे त्यानं केलं हे सांगायलाच हवं, कारण आयुष्यात एवढं अवघड काम त्यानं दुसरं केलं नसेल. गोरखला नटाची खरी हकिगत सांगून तो कप मागून घेतला, खांद्याला पिशवी लावली आणि नगरपासून सुरुवात केली. नगर, राहुरी, राहाता, शिर्डी, कोपरगाव, येवला, मनमाड, आणि वाटेतून आत श्रीरामपूर. जिथं गॅरेज दिसेल तिथं उतरायचं. कप दाखवायचा. "ह्यात सुपारी हुती. मी ठेवली हुती. नट मी आवळला हुता. भिमाजीनं काय बी चोरलं न्हाई." एवढंच बोलायचं आणि पुढची एसटी धरायची. ज्या माणसानं वीस वर्षं कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तो उन्हातान्हात दारोदार स्वतःची चूक सांगत फिरला.

लोकांनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, त्यांना ते फार आवडलं. कपाचं ताट, गुळाला चिकटलेला गणपती, देवाला तीन महिने शिर्डीची फुकट वारी! रंगनाथची एसटी सुटायच्या आत गॅरेजात हसण्याचा गलका उठायचा. येवल्याला एकानं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, शेजारचा पंक्चरवाला ऐकायचा राहिला होता म्हणून. गोष्ट मिस्त्रीच्या पुढं पळायला लागली. मनमाडला तो पोचला तेव्हा ती तिथं आधीच पोचली होती.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. रंगनाथ आणखी दोनदा पाथर्डीला गेला. भिमाजी चहा द्यायचा, बिनदुधाचा. यायचं नाव काढायचा नाही. गॅरेजात त्याचे तीन पाने त्याच खिळ्यांना होते. रंगनाथनं दुसरे घेतले, पण भिमाजीचे वापरले नाहीत. गोरखनं नवा कप घेतला आणि जुना रंगनाथनं भिंतीवर टांगून ठेवला.

अशाच एका दुपारी नाशिककडचा एक जीपवाला आला. उजवं पुढचं चाक घरघरतंय म्हणाला. रंगनाथनं पहिल्यांदा विचारलं, "कप काडलेत का?" जीपला कप नव्हतेच. त्यानं चाक जॅकवर उचललं, कान लावला. जीपवाल्याचं लक्ष भिंतीवर गेलं.

"अरेच्चा! सुपारीवाले मिस्त्री म्हणतात ते तुम्हीच का?" तो हसायला लागला आणि सगळी गोष्ट त्यानंच सांगितली, पूजेपासून बाभळीपर्यंत, रंगनाथनं स्वतः सांगितली असती त्यापेक्षा रंगवून. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "आणि तो तुमचा जोडीदार, बेरिंगं चोरणारा, तो नंतर सापडला का हो?"

रंगनाथनं कान चाकावरून काढला. तो उभा राहिला आणि त्यानं पहिल्यापासून सांगितलं. सुपारी आपली, नट आपण आवळलेला, शब्द आपला. भिमाजीनं काही चोरलं नव्हतं. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. जीपवाल्यानं मान हलवत ऐकून घेतलं, एक नजर चाकावर ठेवून.

"बरं, बरं," तो म्हणाला. "पण माझ्या चाकाचा आवाज कशाचा?"

रंगनाथनं हात पुढं करून ते चाक हळूच फिरवलं. तीन बोटं त्यावर टेकवली, जशी भिमाजी टेकवायचा तशी. डोळे मिटले.

"मला न्हाई कळत," तो म्हणाला. "ज्येच्या बोटांना कळलं आस्तं, त्यो पाथर्डीला खडी फोडतोय."